टिकलीची दाढ

लिही गं. माझी धाकटी जाऊ, म्हणजे तुझी चुलत आजी. तिला सगळी गल्ली मशीनवाली म्हणायची. शिलाई मशीनवर बसली की तोंडात टाचण्या, आणि त्या टाचण्यांतूनच भांडायची. टाचणी एकही पडायची नाही, पण बोललेलं बरोबर टोचायचं. आमचं कधी पटलं नाही. भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे ती.

तिची पोर घरातच झाली, माझ्या हातांवर. बारीक डोळे, जीभ जराशी बाहेर, अंग लोण्यासारखं मऊ. डाउन सिंड्रोम आहे हे डॉक्टरांनी मागाहून सांगितलं. माझ्या दिरानं जन्माची नोंदच केली नाही. "असल्या पोरीची कसली नोंद?" म्हणाला, आणि दोन वर्षांत घर सोडून गेला. मशीनवाली दारात उभी राहून ओरडली, "गेला ते बरं झालं, एक माप कमी!" रडली असेल तर आत जाऊन. मला ऐकू आलं नाही, मशीनच चालू होती.

पोरीला सगळे टिकली म्हणायचे. अशा मुलांची एक शाळा होती. सहा पूर्ण झाल्याशिवाय घ्यायचे नाहीत, आणि जागा भरायच्या वर्षातून एकदा. टिकलीला सात वर्षं झाली होती, पण कागद कुठे होता? शाळेच्या कारकुनानं दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्यानं टॉर्च मारला, दात मोजले आणि लिहून दिलं, साडेचार. सहाव्या वर्षी येणारी दाढ आली नाही, वरचे पुढचे दोन दात नाहीत, म्हणजे पोर लहान.

"अहो, हिला पहिला दातच दीड वर्षाची झाल्यावर आला," मशीनवाली म्हणाली. "सगळंच उशिरा येतं हिचं."

"दात खोटं बोलत नाहीत, बाई."

"मग मी बोलते का?"

दर वाढदिवसाला ती टिकलीचा फ्रॉक बेतायची, आणि ज्यावर बेत आखायची तो खाकी कागद खिळ्याला लटकवून ठेवायची. ते सातही कागद घेऊन ती कारकुनापुढे उभी राहिली. "लांबी बघू नका, पोर बुटकी आहे. कागद मोजा."

तो हसला. "हे सगळे एका दुपारी कापता येतात."

"तुमच्या डोक्याइतके सोपे नाहीत ते," म्हणाली. झालं, तोही चिडला. म्हणाला, घरी येऊन चौकशी करतो.

आता माझं ऐक, आणि आहे तसं लिही. त्याच्या आदल्या आठवड्यात तिनं माझा ब्लाउज घट्ट शिवला होता. मी बोलले, तर चार बायकांत म्हणाली, "कापड तेवढंच आहे जाऊबाई, तुम्ही वाढलात." बायका फिदीफिदी हसल्या. मी आतून धुमसत होते. कारकून आला, त्यानं विचारलं, "पोरगी केवढी?" मला तिचा जन्म लख्ख आठवत होता. तुझा बाप तेव्हा तिसरीत होता, आणि कारकून आला तेव्हा दहावीत. पण मी म्हणाले, "दिसते तेवढीच असेल. चार-पाच." त्यानं कागद पुढे केला. मी अंगठा उठवला. मला वाचता येत नाही, पण काय केलं ते कळत होतं.

भिंतीपलीकडे मशीन थांबली. तिनं ऐकलं होतं.

तरी ती थांबली नाही. टिकलीला घेऊन मोठ्या दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरीणबाईकडे गेली. मीही मागून गेले. का गेले ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. बाईंनी जबड्याचा फोटो काढायला लावला. टिकलीनं आधी त्यांचं बोट चावलं.

"चावायला पुरेसे आहेत," बाई बोट झटकत म्हणाल्या. मग फोटो उजेडात धरला. "ही बघा दाढ. तयार आहे, मुळंही धरली आहेत, नुसती हिरडीखाली बसून आहे. या मुलांचे दात बाहेर यायला उशीर होतो. आणि हे पुढचे दोन येणारच नाहीत, त्यांचं बीजच नाही. नसलेले दात न आलेल्यांत धरले की वय कमीच निघणार."

"मग सात लिहा," मशीनवाली म्हणाली.

"साताच्या आसपास लिहीन. पण फोटोवरून वर्षभर इकडेतिकडे होतं. जन्माच्या वेळचं कुणी आहे का?"

"होतं," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "पण तिला खोटं बोलायची सवय आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी म्हणाले, "बाई, ही माझ्या हातांवर झाली. सात वर्षं झाली."

बाईंची चिठ्ठी घेऊन आम्ही शाळेत गेलो. कारकुनानं माझा आधीचा कागद काढला. "हा अंगठा तुमचाच ना? आता दुसरं सांगता? दोनांतलं खोटं कोणतं?"

"पहिलं."

"खोटा जबाब दिल्याबद्दल तक्रार करू का तुमची?"

"करा. पण आधी पोरीचं नाव घाला."

मशीनवाली शेजारच्या बाकावर माझ्याकडे पाठ करून बसली होती. कारकुनानं माझी तासभर खरडपट्टी काढली, दुसऱ्या कागदावर अंगठा घेतला, आणि यादीत टिकलीचं नाव घातलं.

शाळेच्या पहिल्या दिवशी मी सकाळीच त्यांच्या दारात गेले. टिकलीनं नवा फ्रॉक घातला होता. ती माझ्याकडे बघून हसली, पुढच्या दोन फटींसकट. मी तिच्या गालाला हात लावायला वाकले.

"बाजूला व्हा," मशीनवाली म्हणाली. "तुमच्यामुळे आधीच उशीर झालाय तिला."

मी बाजूला झाले.