सापाची बाळंतखोली

भोकरदनच्या ज्या आडतीत मी पोती शिवतो, तिथं मका उतरायच्या दिवसांत हवाच पिवळी होते. दुपारी पत्र्याच्या फटीतून उन्हाची पट्टी आत आली की तिच्यात भुसा तरंगत राहतो. हमालांची डोकी, वजनकाटा, पोत्यांची थप्पी, सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलतं. त्या उजेडात बसल्याबसल्या मी कितीदा तरी माझ्या गावी जाऊन आलोय. भंडाऱ्याकडं आमच्या गावाला एक बोडी आहे, म्हणजे लहानसं तळं. दाभण हातात असतं, सुतळी ओढत असतो आणि पाय मात्र त्या बोडीच्या पाण्यात असतात.

त्या दिवशीही मी असाच बोडीवर होतो. रिकाम्या आलेल्या एका ट्रकची ताडपत्री हमालांनी झटकली आणि तिच्या घडीतून काहीतरी नारिंगी खाली सांडलं. मला वाटलं, उन्हाचाच तुकडा पडला. मग तो तुकडा वळला.

"साप! साप! मागं सर!"

कुणी फावडं उचललं, कुणी पत्र्याची पट्टी. साप पळाला असता तर मीही ओरडत बाजूला झालो असतो. पण तो पळेना. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पहिल्यांदा आलेला माणूस कुठं उभं राहावं ते न कळून वाटेच्या मधोमध थांबतो, तसा तो थांबला. माझ्या हातात रिकामं गोणपाट होतं. ते मी त्याच्यावर टाकलं आणि कडा दबून राहाव्यात म्हणून चारी बाजूंनी भरल्या पोत्यांचे कोपरे टेकवले. फावडंवाला म्हणाला, "अरे, शिवून राह्यलास का काय त्याला आत?"

सगळे हसले आणि हसण्यात मारायचं राहून गेलं.

कुणीतरी सर्पमित्राला फोन लावला. तो मोटारसायकलवर आला, गोणपाट उचललं आणि साप सहज हातावर घेतला, एखादी ओली दोरी घ्यावी तसा. नारिंगी अंग, त्यावर विटेच्या रंगाचे मोठे ठिपके, प्रत्येक ठिपक्याला काळी कड. पोट उलटं केलं तर काळेपांढरे चौकोन.

"हा आपल्याकडचा न्हाई," तो म्हणाला. "कुणीतरी शौकानं खोक्यात पाळलेला हाय. परदेशातला मक्याचा साप म्हणतात याला. विष बिलकुल न्हाई."

"मंग बराबर जागी उतरला की," एक हमाल म्हणाला. "भाव काय लागला म्हणावं?"

त्याला शेतात सोडता येत नव्हतं. थंडीनं मेला असता, नाहीतर पहिल्याच माणसानं ठेचला असता. सर्पमित्रानं वनखात्यातल्या ओळखीच्या माणसाला विचारलं. नीट सांभाळणारा कुणी मिळेपर्यंत जपून ठेवा, असं उत्तर आलं. सर्पमित्राच्या घरी आजारी म्हातारे वडील. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"तू ठेवतो का रे? गोणपाट तूच टाकलं म्हणतात."

नववीतून शाळा सुटल्यापासून मला कुणी काही विचारलं नव्हतं. सांगितलं होतं पुष्कळांनी. हे उचल, ते शीव, तिकडं जा. विचारलं की माणूस गडबडतो. मी हो म्हणून गेलो.

मी राहतो ती खोली मावशींच्या घरामागं आहे. मावशी माझ्या कुणी नव्हेत. मक्याची वाळवणी यंत्रं बसवणाऱ्या टोळीबरोबर मी इकडं आल्तो, तापानं फणफणलो, टोळी पुढं गेली आणि मावशींनी मला मागच्या खोलीत टाकलं ते तिथंच. त्यांचा मुलगा जालन्याला शिक्षक आहे, सुनेसकट तिकडंच असतो. घरात मावशी, भिंतीवरच्या फळीत बुद्धाची लहान मूर्ती, आणि अंगणात एक लिंबाचं झाड. ती खोली गेली तर या गावात मला दुसरं काही नाही, हे मला झोपेतसुद्धा ठाऊक असायचं. म्हणून खोकं घेऊन मी उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिलो.

"मावशी, साप आहे."

"कुठं?"

"ह्याच्यात."

त्या तीन पावलं मागं गेल्या आणि तिथूनच चौकशी केली. विषारी हाय का? न्हाई. मोठा हाय का? मनगटाएवढाही न्हाई. घरी न्यायला कुणी हाय का त्याला?

"न्हाई," मी म्हणालो.

"मंग ठेव," त्या म्हणाल्या. "पण मला दाखवायचा न्हाई. मरूस्तोर मी त्याच्याकडं बघणार न्हाई, सांगून ठेवते."

प्लास्टिकच्या पेटीला मी तापल्या दाभणानं भोकं पाडली. खाली वर्तमानपत्र, एका कोपऱ्यात पाण्याची बशी, लपायला फुटक्या मडक्याचं खापर. सगळं सर्पमित्र फोनवरून सांगायचा. आडतीतला उंदीर चुकूनही घालायचा नाही, कारण तिथल्या उंदरांनी औषध खाल्लेलं असतं. त्यानं संभाजीनगरहून बर्फात गोठवलेली मेलेली उंदराची पिल्लं मागवली. एसटीच्या ड्रायव्हरकडं थर्मास देऊन ती आली. आता ती ठेवायची कुठं? फ्रीज एकट्या मावशींकडं.

"माझ्या फ्रीजात उंदीर?" मावशींचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला असेल.

संध्याकाळी त्यांनी तुपाचा जुना स्टीलचा डबा माझ्यासमोर आपटला. "ह्याच्यात घाल. झाकण घट्ट लाव. आणि धुवायला मला देऊ नको."

आणि साप खाईना.

पिल्लू कोमट पाण्यात सैल करायचं, चिमट्यानं त्याच्यापुढं धरायचं. तो मान फिरवायचा. दुसऱ्या बशीत ठेवलं तर सकाळी तसंच, वास मारणारं. ते मातीत पुरायचो आणि पुन्हा डब्याकडं जायचो. सर्पमित्र पाहून गेला. बोटानं त्याची पाठ दाखवत म्हणाला, "कणा दिसून राह्यला बघ. आधीच वाळलेला हाय. आता यानं खाल्लं न्हाई तर जगायचा न्हाई." खाणं जबरदस्तीनं घालता येतं, पण बिचकलेला साप ते बाहेर टाकतो आणि आणखी खचतो, असंही तो म्हणाला.

त्यानंतर मी त्या पेटीचं झाकण किती वेळा उघडलं असेल! कामावर निघताना, जेवणाच्या सुट्टीत धावत येऊन, परतल्यावर चप्पल काढायच्या आधी. खापर उचलून बघायचो, श्वास चालू आहे का. हातावर घ्यायचो, ऊब मिळेल म्हणून. तो गार असायचा आणि गुळगुळीत, आणि माझ्या बोटांमधून असा वाहायचा की काही वेळ मी सगळं विसरायचो. काळजीतसुद्धा एक गुंगी असते. गावाहून आईचा फोन यायचा, "जेवलास का गा?" मी सापाकडं बघत "हो" म्हणायचो.

शिवाय पाहायला माणसं. हमाल येऊन गेले. एकानं मक्याचे दाणे आणले, मुठीत धरून, खरोखर विचार करून आणलेले. "मक्याचा साप म्हणाला ना तो? चारून तर बघ." गल्लीतली पोरं, त्यांच्या आया, मेंढरं राखणारे शेजारचे आबा. येईल त्याला मी झाकण उघडून दाखवायचो. वाटायचं, यांतल्या कुणाला तरी काही माहीत असेल.

आबा वाकून बघत म्हणाले, "हा तुझ्यापेक्षा जाड हाय की."

एका दुपारी मावशी अंगणात दाणे निवडत होत्या. मी खोलीतून बाहेर आलो, पुन्हा आत गेलो, पुन्हा बाहेर आलो. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"आता काय बघून आलास?"

"काही नाही. तसाच आहे."

"मघाशी कसा हुता?"

"तसाच."

"अरे, तुझ्या बघण्यानंच त्याची भूक मेली!" त्या उठल्याच. "नव्या जागी आलेला जीव, अंगात शक्ती न्हाई, आणि सारी गल्ली तोंड घालून राह्यली. बाळंतिणीला असं ठेवतात का कुणी? तिला अंधार लागतो, ऊब लागते, दाराला पडदा लागतो. घरातला बाप्या सुदिक आत जात न्हाई."

मी म्हणालो, "मावशी, तो बाळंतीण नाही."

"मला माहीत हाय काय हाय ते. दमलेलं हाय ना? मंग झालं."

त्यांनी मला दारात उभं केलं आणि बाहेरूनच एकेक सांगत गेल्या. खिडकीला जुनं लुगडं बांध. पेटीवर गोणपाट टाक. शेगडी ठेव. शेगडीचं मी सर्पमित्राला फोनवर विचारलं. तो हसला आणि म्हणाला, धूर नको, पेटीच्या एका बाजूला कोंबडीच्या पिल्लांना लावतात तसला बल्ब बाहेरून लाव, बाकी मावशी म्हणतात ते सगळं कर. अंधार पाहिजेच त्याला, तो पुढं म्हणाला, माझ्याच ध्यानात आलं न्हाई की तू त्याला इतका बघत असशील.

मावशींनी मग मला माझ्याच खोलीतून बाहेर काढलं. माझी वळकटी लिंबाखालच्या बाजेवर आली. पाणी बदलायला दिवसातून एकदा, तेही गोणपाटाचा कोपरा उचलून, न बघता. कुणी पाहायला आलं की त्या ओसरीवरूनच परतवायच्या.

"दाखवा की वो जरा, लेकरू रडून राह्यलंय," एक शेजारीण म्हणाली.

"रडू दे. आतलं दमलेलं हाय."

"साप तो साप! त्याचा काय एवढा थाट?"

"तुझ्या वेळंला मी तुझ्या सासूलाबी असंच परत धाडलं हुतं. इसरलीस का?"

शेजारीण हसत गेली.

ते दिवस मला अजून नीट हाती लागत नाहीत. थंडीची पहाट, अंगावर मावशींची जाड गोधडी, वर लिंबाची पानं आणि त्यांच्यामागं विरत जाणारा चंद्र. मी डोळे मिटून खोलीकडं कान लावायचो. कागद खसखसला की काय? की पान पडलं? कधी वाटायचं, तो अंधारात हळूहळू मोठा होतोय, खोलीभर नारिंगी उजेड झालाय, लुगड्याच्या पदरातून तो बाहेर झिरपतोय. बल्बचाच उजेड तो. पण अर्ध्या झोपेत मला ते पटायचं नाही. न बघणं फार अवघड काम आहे. बघताना निदान काही करतोय असं वाटायचं. आता नुसतं पडून राहायचं आणि भिंतीपलीकडच्या जिवावर भरवसा ठेवायचा. सकाळी मावशी चहा द्यायच्या, त्यांच्याच चुलीपाशी बसून मी तो प्यायचो. माझी खोली बंद होती म्हणून मी त्यांच्या घरात जेवत होतो. हे बराच काळ माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मग सर्पमित्र म्हणाला, आता एक पिल्लू ठेवून बघ. संध्याकाळी मी ते कोमट केलं, पुसलं, गोणपाटाखालच्या अंधारात हात घालून अंदाजानं बशी ठेवली. बोटांना खापराची कड लागली. खाली काही हललं का, कळलं नाही. झाकण लावलं, गोणपाट सारखं केलं आणि बाहेर आलो. मावशींनी ताट वाढलं. भाकरी मी अर्धीच खाल्ली.

उजाडलं तेव्हा मी दारापाशीच उभा होतो आणि आत जायचं धाडस होत नव्हतं. बशीत ते तसंच असेल तर? मावशी मागून आल्या. उंबऱ्याच्या बाहेर थांबल्या आणि डोळे गच्च मिटून घेतले.

"जा. मी हाय इथं."

मी गोणपाट उचललं. बशी रिकामी होती. कागदावर एक ओला डाग, बाकी काही नाही. खापराखालून त्याच्या अंगाचा मधला भाग दिसत होता आणि तिथं लहानसा फुगवटा होता, मोजा घातलेल्या अंगठ्याएवढा. बल्बच्या उजेडात ते ठिपके ताणलेले, मधली कातडी फिकट, चकाकणारी. मी हात लावला नाही. त्यानं शेपटी सावकाश आत ओढून घेतली.

"मावशी, खाल्लं."

"सारं?"

"सारं."

त्यांनी डोळे उघडले, पण आत न बघता वळल्या, अंगणभर चालत फाटकापाशी गेल्या आणि गल्लीत आवाज टाकला, "खाल्लं गं!"

पलीकडून शेजारणीचा आवाज आला, "काय झालं? पोरगं का पोरगी?"

"पोट भरलं एवढंच सांगितलंय! बाकी इचारायला येऊ नको, आणखी चार दिवस परवानगी न्हाई!"

मी गोणपाट परत टाकलं, कडा सारख्या केल्या आणि खोलीबाहेर येऊन दार ओढून घेतलं. वळकटी अजून बाजेवरच होती. ती आत न्यायची मला काही घाई नव्हती.