अडतीस सेकंद

आमचे मोठे दीर घड्याळजी होते. घड्याळजी म्हणजे आता काय, सेल बदलणारा माणूस. वेळ बघायला लोकांच्या हातात मोबाईल आला आणि मनगटावर पावलं मोजणारं यंत्र. एकदा एक बाई तसलं यंत्र घेऊन दुकानात आल्या. म्हणाल्या, "काल पाचशे पावलं कमी दाखवली, बघा जरा." दीर म्हणाले, "बाई, यंत्र बरोबर आहे, तुम्हीच कमी चाललात." असं तोंडावर बोलल्यावर गिऱ्हाईक परत येतंय कशाला! पण खोटं बोलायचं नाही आणि घाई करायची नाही, हे दोन हट्ट त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाहीत.

आमचे हे त्यांचे धाकटे भाऊ. लिफ्टदुरुस्तीचं काम करतात. कुठे ना कुठे कुणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेलं असतं, त्यामुळे यांना सदानकदा घाई. जेवतानाही एक पाय दाराकडे.

सासूबाई गेल्या त्या दिवशी दीर परगावी होते. तिथल्या मनोऱ्यावरचं मोठं घड्याळ बंद पडलं होतं. निरोप मिळताच मिळेल त्या गाडीनं निघाले. इकडे माणसं जमलेली, जो तो "आता उशीर नको" म्हणणारा. यांनी ऐकलं. दीर पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

"वीस मिनिटं थांबला असतास," दीर म्हणाले.

"तू वेळेवर यायचं होतंस," हे म्हणाले.

घड्याळजी माणसाला हे बोलले! त्यानंतर सहा वर्षं दोन सख्ख्या भावांत शब्द नाही. घराच्या मधला दरवाजा काढून यांनी तिथे प्लायवूडची फळी ठोकली. पलीकडच्या खोलीत दीर एकटे. लग्न काही त्यांनी केलं नव्हतं. अलीकडे आम्ही दोघं. माझ्याकडे त्यांच्या खोलीची किल्ली होती. चहा घेऊन मी दिवसातून दोनदा जायचे. हे बघून न बघितल्यासारखं करायचे.

फुटबॉलचं वेड मात्र दोघांना सारखं, लहानपणापासूनचं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण यांचं बघून नवल वाटायचं. ज्या देशाचं नाव धड घेता येत नाही त्या देशासाठी घसा फोडायचे. पडलेल्या खेळाडूला समोरच्या संघातल्या कुणी हात देऊन उठवलं की यांचे डोळे भरून यायचे. मी म्हणायचे, "सात समुद्रापलीकडची दिलजमाई बघून रडता, आणि इथे फळीपलीकडे एक माणूस आहे त्याचं काय?" की लगेच टीव्हीचा आवाज वाढायचा.

यंदाचा वर्ल्डकप सुरू झाला आणि भलताच घोळ झाला. आम्ही नवा टीव्ही घेतला होता, इंटरनेटवरचा. दिरांकडे गच्चीवरची तीच जुनी डिशची छत्री आणि तोच जुना टीव्हीचा डबा. पहिल्याच मॅचला फळीपलीकडून आरोळी आली, "गोल!" आमच्याकडे तर चेंडू अजून मैदानाच्या मध्यावर. हे चक्रावले. मग आमच्याकडेही गोल झाला, आणि यांचा जो पारा चढला! "हा माणूस मला मॅचसुद्धा धड बघू देत नाही!"

दुसऱ्या दिवशी चहा द्यायला गेले तर दीर म्हणाले, "अगं, तुमचं चित्र अडतीस सेकंद मागे आहे. त्याची आरोळी ऐकली आणि घड्याळ लावून बघितलं. त्याची मजा गेली ना?"

मी म्हटलं, "गेली तर गेली."

"नाही, असं नको," ते म्हणाले.

तेव्हापासून दिरांनी ओरडणं बंद केलं. गोल झाला की फळीवर एकदाच टकटक करायचे. कुणाचा गोल ते सांगायचं नाही, फक्त काहीतरी येतंय एवढंच. ती टकटक झाली की हे हातातलं सगळं टाकून ताठ बसायचे. मला हाक मारायचे, "अगं ये लवकर, काहीतरी होणार आहे!" भांडी घासता घासता मी ओल्या हातानं यायचे. त्या अडतीस सेकंदांत यांचा चेहरा असा व्हायचा, की लग्नानंतर इतक्या वर्षांत मी तो बघितला नव्हता.

"एकदा तुम्हीही टकटक करा ना उलट," मी म्हणायचे. "तेवढ्यानं हात झिजणार आहे का?"

"बघू."

तिकडे दीर विचारायचे, "ऐकू जातं ना त्याला?"

"जातं की."

"मग झालं." एवढं म्हणून ते चहा प्यायचे. पण कान त्यांचे फळीकडेच असायचे, हे मी रोज बघत होते.

एकदा मॅच चालू असताना दीर मला शेजारी बसवून म्हणाले, "हे बघ, तो मैदानाच्या कडेला पाटी धरून उभा आहे ना, तिच्यावर आकडा आहे. मधे जेवढा वेळ वाया गेला तेवढा पंच मोजून ठेवतो आणि शेवटी परत देतो. बाकी जगात असं कुठे नाही."

फायनलच्या आदल्या दिवशी यांचं ऑफिसात कुणाशी तरी वाजलं. घरी आले ते धुमसतच. कारण नसताना म्हणाले, "त्याला सांग, उद्या ठोकू नको म्हणावं. शांतपणे बघू दे मला." मी काही सांगितलं नाही. असल्या निरोपाचा हमाल व्हायला मी काही रिकामी नव्हते. पण संध्याकाळी यांनी "सांगितलंस?" विचारलं तेव्हा "हो" म्हणाले. म्हटलं, कटकट नको.

रविवारी रात्री फायनल. पंधराव्या मिनिटाला आमच्या टीव्हीवर गोल झाला. टकटक झाली नव्हती. हे एकटेच उठून नाचले आणि मधेच थांबले. फळीकडे बघून म्हणाले, "ऐकलं वाटतं त्यानं."

मला माहीत होतं की मी सांगितलंच नव्हतं. मला तिथेच कळायला हवं होतं. पण मला वाटलं, डबा बंद पडला असेल, किंवा डुलकी लागली असेल. आणि खरं सांगते, यांची ती चुळबूळ बघून मला बरंसुद्धा वाटलं. म्हटलं, कळू दे जरा, टकटक नसली की कसं वाटतं ते.

दुसरा गोल झाला. पुन्हा नाही. हे आता पडद्याकडे बघतच नव्हते. "रुसला," म्हणाले. "बघ कसा रुसून बसलाय." पाटीवर तीनचा आकडा आला. ती तीन मिनिटंही गेली, मध्यंतर झालं. मग मला राहवेना आणि मी बोलून गेले, "अहो, मी निरोप दिलाच नव्हता."

यांनी माझ्याकडे बघितलं. उठून फळीजवळ गेले आणि त्यांनी टकटक केली. सहा वर्षांत पहिल्यांदा. मग पुन्हा, मग तळहातानं धडाधड. "दादा! ए दादा!" पलीकडून फक्त टीव्हीचा आवाज येत होता.

मी किल्ली घेऊन धावले. दीर खुर्चीत फळीकडे कलून बसले होते, तोंड वाकडं झालेलं, डोळे उघडे. उजवा हात खाली लोंबत होता.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर. पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. हे तीन दिवस पलंगाशी बसून होते. कामावरून फोन येत राहिले, यांनी उचलले नाहीत. मधूनच पलंगाच्या लोखंडी कठड्यावर बोटानं टकटक करायचे आणि दिरांच्या हाताकडे बघत राहायचे. त्या हाताची हालचाल काही झाली नाही. मी दाराशी उभी राहून रडले. तो अर्धा तास माझ्याही नावावर आहे, आणि तो मी कधी विसरणार नाही.

चौथ्या दिवशी सकाळी दीर गेले.

अकरापर्यंत सगळी तयारी झाली. शेजारीपाजारी जमले, गाडी खाली उभी होती. गाडीवाला दोनदा वर येऊन गेला. शेवटी शेजारचे शिंपीकाका पुढे झाले आणि यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चला, उचलू या आता. उशीर नको."

हे म्हणाले, "थांबा जरा."

"कोणी यायचंय का?"

"नाही."

शिंपीकाकांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. यांनी दिरांच्या मनगटावरचं घड्याळ सोडवून हातात घेतलं, फळीला पाठ टेकून खाली बसले आणि काट्याकडे बघत राहिले.

"मग कशासाठी थांबायचं?" काकांनी हळूच विचारलं.

"वीस मिनिटं," हे म्हणाले. "वीस मिनिटं थांबू."