टीव्हीखालची फळी

शहापूरच्या आमच्या घरात टीव्ही ज्या फळीवर ठेवलाय, ती फळी चोरीची आहे. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. ती बिचारी दर दिवाळीला त्या फळीवर नवा विणलेला रुमाल घालते.

दोन हजार सालानंतर कधीतरी घरी केबल आली. एका दुपारी पडद्यावर एक गोरा माणूस समुद्राच्या लाटेवर लांबलचक फळी घेऊन उभा दिसला. बायको म्हणाली, "ह्याला काय कामधंदा नाय का?"

मी म्हटलं, "फळी मात्र बरोबर निवडलीय. आखूड असती तर तोंडावर पडला असता."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी चॅनल बदललं.

फळी निवडण्यातलं मला कळतं. नव्वदच्या दशकात टोकावड्याजवळच्या आमच्या गावात भाताची चिखलणी बैलांवर व्हायची. नांगरून झालं की बैलांमागे आडवी फळी बांधायची, तिच्यावर उभं राहायचं, एका हाताने बैलाचं शेपूट धरायचं आणि खाचरभर फिरून चिखल सपाट करायचा. शेजारचा दादा हे करता करता बिडी ओढायचा. मी शहापूरला नोकरीला, लावणीपुरता रजा टाकून येणारा. अगदीच कच्चा नव्हतो, पण बिडीच्या लायकीचाही नव्हतो. मधला. आणि फळी चांगली लागते ती मधल्यालाच. पक्का गडी मोडक्या फळकुटावरही उभा राहतो, कच्चा कशावरूनही पडतोच.

त्या वर्षी आमची जुनी फळी वाळवीने खाल्ली. मुरबाडच्या वखारीत सागाच्या फळीचा भाव ऐकला, तिच्यावरून नुसता हात फिरवला आणि चहा पिऊन परत आलो. आंब्याची स्वस्त होती, पण हलकी. चिखलावर उड्या मारते, सपाट काही करत नाही. चुलत्यांकडची उसनी आणली, ती आखूड निघाली. माझ्या वजनाने रुतली, पुढची कड चिखलात घुसली, बैल पुढे गेले आणि मी तोंडावर. बांधावरून दादा ओरडला, "सायेब, सही झाली का?"

मला हवी होती ऐनाच्या लाकडाची. जड, पण बैलांचा जीव न काढणारी. माझ्या उंचीहून वीतभर लांब, अख्खं पाऊल मावेल इतकी रुंद. आणि शक्यतो फुकट.

अशी फळी गावात एकच होती. ती दादाने ओहोळावर टाकली होती. त्याचं घर अलीकडे, खाचरं पलीकडे. तो आणि वहिनी दिवसभर तिच्यावरून ये-जा करायचे.

मी चोरायला गेलो नव्हतो, एवढं खरं. पावसाने ओहोळ फुगला होता आणि फळीचं एक टोक सुटून हेलकावत होतं. वाहून जाईल म्हणून मी ती ओढून काठावर घेतली. आणि मग, हात रिकामेच होते म्हणून, वितीने मोजली. बरोबर होती.

घरामागे नेऊन दादाने पाण्यासाठी तिला फासलेलं डांबर खरवडलं, पुढची कड रंध्याने गोल केली, दोरासाठी भोकं पाडली. फळी ओहोळाने नेली, असं गावाने ठरवलं. मी मान डोलावली.

त्याच आठवड्यात वहिनी डोक्यावर रोपांचा भारा घेऊन ओहोळातल्या दगडांवरून पलीकडे जाताना घसरली. पाय मोडला. भर लावणीत ती ओटीवर पाय पसरून बसली आणि ओहोळाला शिव्या घालू लागली. "माझी फळी नेलीस काय रे मेल्या! तुझ्या तोंडात माती पडो! तुला कुत्रं विचारायचं नाय!"

मी भेटायला गेलो तर मला म्हणाली, "भावजी, तुमीच सांगा, मी काय वाईट केलंवतं त्याचं?"

"काहीच नाही, वहिनी."

"मंग द्या की तुमीपन एक शिवी."

मी दिली. बरीच घाण दिली. इतकी मनापासून शिवी मी आयुष्यात दुसरी दिलेली नाही.

दादाची आणि माझी सावड होती: आधी त्याने माझ्या खाचरात राबायचं, मग मी त्याच्या. बायको अशी पडलेली असूनही तो ठरल्याप्रमाणे आला. फळीवर चढला, शेपूट धरलं, एक फेरी मारली.

"कुठनं आनलीस रे?"

"मुरबाडहून."

"भारी हाय." आणखी एक फेरी झाली. मग पायाच्या बोटांनी फळी चाचपत म्हणाला, "पायाला वळखीची लागते रे."

मी बैलांना उगाचच हाकारलं. संध्याकाळपर्यंत त्याने माझी सगळी खाचरं ताटासारखी सपाट करून दिली.

त्याच्या खाचरात माझी पाळी आली, तेव्हा रजा संपली असं सांगून मी पहिल्या एसटीने शहापूर गाठलं. रजा शिल्लक होती. वहिनीच्या डोळ्यांदेखत त्या ओहोळात उतरायची हिंमत नव्हती. दादाने ती लावणी उशिरा, एकट्याने उरकली.

पुढे पॉवर टिलर आले, बैल विकले. फळी जाळवेना आणि परत न्यायला तोंड नव्हतं, म्हणून ती इथे आणून टीव्हीखाली ठोकली. ओहोळावर आता सिमेंटचा पाइप आहे. वहिनी त्यावरून जरा लंगडत जाते, आणि जाताना सवयीने ओहोळाला एखादी शिवी हासडते. शिवी अजूनही कडक असते, फक्त पत्ता चुकतो.

ओहोळावरची फळी आणि त्या लावणीची सावड मी दादाला देणं लागतो. ओहोळाने काही नेलं नव्हतं, हे वहिनीला सांगायचं राहिलंय.