जयवंतीच्या भोपळ्याची साक्ष

तलासरीच्या पूर्वेला, जिथे रस्त्याचे डांबर डोंगर पाहून थबकते, तिथल्या एका पाड्यावर जयवंती नावाची गृहिणी दोन शेते कसते. पहिले शेत भाताचे आणि नागलीचे. ते घरामागच्या उतारावर आहे आणि तिथे पती लाहू तिच्याबरोबर राबतो. दुसरे शेत घरातच, ओटीवरच्या एका जुन्या संगणकाच्या पडद्याआड आहे. तिथे ती एकटी राबते.

हा संगणक माहेरचा. धाकटा भाऊ विनोद तलासरीच्या बाजारात संगणकाचे वर्ग चालवीत असे. पुढे विद्यार्थी मोबाइलमध्ये विलीन झाले, वर्ग मिटले, आणि त्यांतला एक संगणक, माइकसकट, भाऊबीजेची ओवाळणी म्हणून टेम्पोतून बहिणीच्या दारी आला. त्यात शेतीचा एक खेळ होता. नांगरायचे, पेरायचे, पाणी घालायचे, कोंबड्यांना दाणे टाकायचे. चिखलात वाकून आलेल्या बाईला विसावा म्हणून पुन्हा शेतीच का करावीशी वाटावी, हा प्रश्न लाहूला पडे. जयवंतीला तो कधी पडला नाही. दुपारचे जेवण उरकले की ती पाय धुई, माऊसला हात लावण्याआधी नांगराला करावा तसा नमस्कार करी, आणि पडद्यावरच्या पिवळ्या केसांच्या मुलीला, जिचे नाव तिने कमळी ठेवले होते, कामाला लावी. "तिथे पाठ नाही दुखत," एवढेच ती सांगे.

त्या खेळातल्या गावात वर्षातून एकदा जत्रा भरे आणि सर्वांत मोठ्या भोपळ्याला पहिला मान मिळे. एका दुपारी तो मान कमळीच्या भोपळ्याला मिळाला. वाद्ये वाजली, उंच टोपीच्या सरपंचाने भोपळ्याला फीत बांधली. हर्षाच्या भरात जयवंतीने तो भोपळा जत्रेतच विकून टाकला आणि त्याच्याबरोबर फीतही गेली. पराक्रम घडला, परंतु मागमूस उरला नाही.

लाहूची बहीण लाडकी समुद्राकाठच्या झाई गावात दिलेली. तिच्या सासरच्या कौलांवर भोपळ्याचा वेल चढतो, आणि त्या वेलाविषयी ती जे बोलते त्यात विनय नावाला नसतो. पाड्यावरच्या एका लग्नाच्या मांडवात जयवंतीने आपल्या भोपळ्याची हकिकत काढली.

"केवढा होता?" लाडकीने विचारले.

"कमळीच्या डोक्यावर चढला असता. बैलगाडी लागली न्यायला."

"पाहिला कोणी?"

"मी पाहिला."

"तू सोडून गं, वहिनी. दादा, तू पाहिलास?"

लाहूने पानाला चुना लावण्यात सारे चित्त एकवटले. "मी गुरांकडे होतो," तो म्हणाला.

शास्त्रकारांनी ज्ञानाची साधने उदारपणे सांगितली आहेत. डोळ्यांनी पाहावे, खुणांवरून ताडावे, विश्वासू माणसाच्या शब्दावर विसंबावे. लाडकी यांतले पहिले तेवढे मानत असे. सारा मांडव हसला. मांडव दुसऱ्या दिवशी उतरला, पण ते हसू उतरले नाही. ते जयवंतीच्या पाठोपाठ घरी आले. शेळी आज व्याईल असे ती म्हणाली की लाहू विचारी, "भोपळ्यावानीच का?" घरातले मीठ संपले असे ती म्हणाली तरी शेजारीण तोंडावर पदर धरी. जिच्या एका शब्दावर पाडा पेरणीला हात घाली, तिच्या शब्दाची ही गत झाली. हे तिला फार लागले. तिने निश्चय केला की भोपळा पुन्हा पिकवायचा, आणि या वेळी साक्षीसकट. नव्या भाताच्या सणाला लाडकी सासूला घेऊन येणारच होती. त्या दिवशी तिला तो दाखवायचा.

प्रथम तिने मोबाइलनेच पडदा टिपून पाहिला. त्यात आडवे पट्टे सरपटताना दिसले आणि मधोमध, शेताच्या जागी, मागे उभा राहून जांभई देणारा बनियनमधला लाहू दिसला. मग विनोदला बोलावणे गेले.

"ताई, असं नाही करत," विनोद म्हणाला. "कॉम्प्युटर स्वतःच खेळ रेकॉर्ड करतो. त्याची सॉफ्टवेअर असतात. मी तीन आणलीत. हे मधलं घे, एकदम मस्त आहे."

"तू मस्त म्हणालास म्हणून घेऊ? बियाणं असं घेतात का?"

जयवंतीच्या घरी बियाण्याची एक रीत आहे. अनोळखी बियाण्याच्या हवाली सगळे शेत करीत नाहीत. मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवायचे, मोड किती येतात ते पाहायचे, आणि मगच निवाडा करायचा. हाच न्याय तिने तिन्ही सॉफ्टवेअरना लावला. कमळी कोंबड्यांना दाणे टाकते तेवढा प्रसंग प्रत्येकाने टिपायचा. ज्याला मोड येईल त्याच्या हाती जत्रा सोपवायची.

पहिल्याने कोंबड्या सुरेख टिपल्या, पण चित्राच्या ऐन मध्यावर स्वतःचे नाव ठळक अक्षरांत उमटवले.

"लग्नातल्या भांड्यावर घालतात तसं," लाहू कौतुकाने म्हणाला.

"भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतात. इथं कोंबड्या माझ्या आणि नाव यांचं. बरं, कडेला तरी घालावं. कोंबडीच्या तोंडावर कशाला? नको हे."

दुसरे विनोदच्या पसंतीचे. रूपाने देखणे, अंगभर रंगीत बटणे ल्यालेले. ते सुरू होताच जुना संगणक धापा टाकू लागला. दाणे टाकण्यासाठी कमळीने हात उचलला तो वरच राहिला. कोंबड्या माना उंचावून थांबल्या. लाहू गुरांना पाणी पाजून परत आला, तेव्हाही दाणे हवेतच होते.

"बैल म्हातारा झालाय," जयवंती म्हणाली. "त्याला एवढा जड नांगर नको."

"पण ताई, यात भोपळ्याच्या मागे फटाके उडवता येतात!"

"भोपळा भाजेल ना रे!"

तिसरे करडे, रूक्ष, कोणाच्या नजरेत न भरणारे. प्रथम त्याने केवळ काळोख टिपला; समाधी लागलेल्या योग्याला संसार दिसत नाही, तसा त्याला खेळ दिसेना. विनोदने त्यात खेळाची खिडकी निवडून दिली आणि पुन्हा सुरू केले. कमळीने दाणे टाकले, कोंबड्या धावल्या. नेमक्या त्याच क्षणी खऱ्या कोंबड्या अंगणात वाळणाऱ्या नागलीवर उतरल्या आणि जयवंती ओरडत बाहेर धावली. ती परत येईपर्यंत रेकॉर्डिंग चालूच राहिले. मग पहिल्या काही कोंबड्या दाण्यादाण्यासकट दिसताच तिने निकाल दिला: "मोड आला. हेच."

खेळातल्या जत्रेचा दिवस उजाडला. कमळीचा भोपळा पुन्हा पहिला आला, हर्षाच्या भरात पुन्हा विकलाही गेला, आणि करड्या सॉफ्टवेअरने ते सारे निष्ठेने टिपले. विनोद पेनड्राइव्ह घेऊन हजर होता.

"कॉपी करतो, ताई. एक इथंही राहील."

"थांब. या नव्या यंत्राचं हे पहिलं पीक. ते आधी देवाचं."

"मग देवाला कॉपी देऊ."

"देवाला अर्धं आणि घरात अर्धं? इथून सगळं काढून घे. कोंबड्या राहू दे, ते मोडाचे दाणे; पीक नव्हे."

विनोदला संगणक कळत होता, परंतु त्याहून अधिक त्याला बहीण कळत होती. त्याने मुकाट्याने सगळे काढून घेतले.

सणाच्या सकाळी नव्या भाताच्या लोंब्यांबरोबर पेनड्राइव्हलाही कुंकू लागले. मग रीतीप्रमाणे लोंब्या, आंब्याची पाने आणि तो पेनड्राइव्ह एकत्र गुंफून तोरण दाराला बांधले गेले. दुपारी लाडकी आली. सासूला बसू दिले, स्वतः मात्र पाणीही घेतले नाही.

"दाखव, वहिनी, भोपळा."

"तो बघ, तोरणात."

लाडकीने बराच वेळ वर पाहिले. "त्या इवल्याशा काडीत?"

"त्यातच."

"मग काढ की."

लाडकीने स्वतःच जीभ चावली आणि दोन्ही गालांना बोटे लावली. नव्याचे तोरण पुढचे भात येईपर्यंत उतरवत नाहीत, हे ती याच दारात लहानाची मोठी होताना शिकली होती.

"म्हणजे आता पुढच्या नव्याला?"

"पुढच्या नव्याला," जयवंती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा चेहरा उतरला.

"वा गं वहिनी! देवाच्या आड जाऊन बसलीस!"

मांडवातले ते जुने हसू पुन्हा ओटीवर आले. आपण साक्ष इतकी पवित्र केली की ती आता कोणाच्याच कामाची उरली नाही, हे जयवंतीला तेव्हा उमगले. तिच्या डोळ्यांत पाणी तरळलेले पाहून विनोद घाईने म्हणाला, "कोंबड्या आहेत. कोंबड्या तरी बघा!"

"लाव बाबा," लाडकीची सासू म्हणाली. "एवढ्या लांबून आलोय."

विनोदने आवाज पूर्ण मोठा केला. कमळीने दाणे टाकले, कोंबड्या टिपू लागल्या. "हाऽऽड! हाऽऽड!" असा जयवंतीचा आवाज लांब जात विरला. आणि मग, वर्गातून संगणकाबरोबर आलेल्या आणि टेबलावर पडून असलेल्या माइकच्या कृपेने, त्या कोंबड्यांच्या वरून लाहूचा आवाज उमटला.

"विनोदभाऊ, खरं सांगू? तो भोपळा मी पाहिला होता. दारात उभा होतो. काय भोपळा! गाडी वाकली."

"मग दाजी, मांडवात का नाही बोललात?"

"लाडकीसमोर? तिच्याहून मोठा म्हटलं असतं तर मला तिच्या भोपळ्याची फोड मिळाली असती का? आणि तिच्या हातची भाजी... तुझ्या ताईला सांगू नको, पण आपल्या घरात तशी नाही जमत."

पडद्यावर एक कोंबडी शांतपणे दाणा टिपत होती. ओटीवरचे सगळे चेहरे लाहूकडे वळले. लाहू शेळीकडे पाहू लागला. शेळीने तोंड फिरवले.

"दादा!" लाडकी कडाडली, पण भाजीची वाखाणणी कानात रेंगाळत असल्यामुळे तो कडकडाट अर्ध्यावर निवला. ती जयवंतीकडे वळली. "वहिनी, होता तुझा भोपळा. माझ्याहून मोठा होता." थोडे थांबून तिने पुस्ती जोडली, "पडद्यातला. कौलांवरचा माझाच मोठा."

"कौलांवरचा तुझाच, लाडकीबाय," जयवंतीने मान्य केले. "आणि आज भाजी पण तूच कर. तुझ्या दादाला आवडते."

पंगत बसण्याआधी जयवंती अंगणात गेली आणि डोंगराकडे पाहत म्हणाली, "भात आत घ्या. पाऊस येईल." आभाळ निरभ्र होते. लाहूचे तोंड सवयीने उघडले, "भोप" एवढे त्यातून निघालेही. मग त्याची नजर टेबलावरच्या माइककडे गेली. त्याने तोंड मिटले आणि निमूटपणे वाळवणाची चटई गुंडाळायला घेतली.