उद्या फिटर आणि तिसरा सिलिंडर

आमच्या बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा एकच माणूस आहे, आणि तो इंजिन दुरुस्त करताना सहसा कोणाला दिसत नाही. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला ठाऊक असावं. बाकी सगळं बंदर त्याला उद्या फिटर म्हणतं. काम घेऊन गेलात की तो टेस्टर कानामागे खोचतो, इंजिनाकडे मोठ्या डॉक्टरासारखं बघतो आणि म्हणतो, "उद्या करू." 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडून कोणी ऐकलेला नव्हता. माणूस भिडस्त. नाही म्हटलं तर समोरच्याला वाईट वाटेल, म्हणून उद्या.

"लग्नात अंतरपाट धरल्यावरसुद्धा हे उद्या म्हणाले असते," त्याची बायको सांगते. "सासूबाईंनी मागून चिमटा काढला म्हणून माझा संसार झाला."

त्याची शेड धक्क्याच्या टोकाला, बर्फाच्या कारखान्याला पाठ टेकून उभी. बसायला भंगारातल्या बसचं एक बाकडं. नटबोल्ट बिस्किटांच्या डब्यांत आणि बिस्किटं नटबोल्टांच्या डब्यात, त्यामुळे पाहुणा चहाबरोबर जरा जपूनच खातो. पण या आळशी देहाला देवाने कान दिलेत, ते मात्र असे की बोट बंदराच्या तोंडावरच्या लाटभिंतीच्या पलीकडे असतानाच तो ती ओळखतो. दुपारी बायका शेडमध्ये डोकावून विचारतात, "आमचं येतंय का हो?" हा डोळे मिटतो. "हिरवी येतेय. तिच्यामागे मोठी. तुमचं अजून अर्धा तास. तोवर सुनेशी भांडून घ्या."

एका बोटीसाठी मात्र त्याला कोणी विचारत नसे. निळ्या बोटीच्या इंजिनाचा तिसरा सिलिंडर मिस मारायचा. टक, टक, टक आणि एक रिकामी जागा. टक, टक, टक आणि रिकामी जागा. ठोका चुकलेलं हृदय खांद्यावर घेऊन कोणी घरी चालत यावं तसं. तो ठोका ऐकला की कोळंबी सोलायच्या शेडमधली तांडेलाची बायको उठायची, हात धुवायची, केस सारखे करायची आणि धक्क्यावरच्या तिसऱ्या खांबापाशी जाऊन उभी राहायची. नवरा त्याच खांबाला दोर टाकायचा.

हा निळ्या बोटीचा तांडेल, म्हणजे बोट हाकणारा म्होरक्या, फिटरचा जिवलग. एका संध्याकाळी तो बाकड्यावर बसून म्हणाला, "अरे, तो तिसरा सिलिंडर बघ की एकदा."

"उद्या."

"बरं. उद्या."

दुसऱ्या दिवशी परत येताना धुकं आलं. निळी बोट लाटभिंतीबाहेरच्या खडकावर चढली आणि तिचा चुरा झाला. दोन खलाशी पोहत आले. तांडेल आला नाही. अजून आलेला नाही.

खलाशांपैकी एक जण चहाच्या टपरीवर एकदाच बोलला, "वळताना इंजिनाने क्षणभर श्वास रोखला बघ." नंतर तो म्हणे, मी असं म्हणालोच नाही. पण बंदरात वाक्य एकदा टपरीवर सांडलं की ते पुसायला फडकं मिळत नाही. फिटर त्या वेळी टपरीवर होता. त्याने अर्धा चहा तसाच ठेवला आणि तो गेला.

महिन्याभराने मोठ्या ओहोटीला इंजिन वर काढलं. एका शेठने ते आपल्या नव्या लाल बोटीसाठी घेतलं आणि आणून टाकलं कोणाच्या दारात? दुसरं दार आहेच कुठे! शेठने विचारलं, "किती दिवस?" आणि आयुष्यात पहिल्यांदा फिटर म्हणाला, "आजच उघडतो."

तीन आठवडे तो माणूस घरी फक्त झोपायला गेला. पिस्टन नवे, रिंगा नव्या, व्हॉल्व नवे, नोझल नवे, पंप उघडून परत बांधला. बंदर थक्क. टपरीवाला म्हणाला, "याला कोणीतरी बदलून नेलं, आमचा आम्हाला परत द्या." इंजिन सुरू करायच्या दिवशी आम्ही दहा-बारा रिकामटेकडे जमलो. फिटरने चालू केलं.

टक, टक, टक आणि रिकामी जागा.

कोणी हसलं नाही. मी त्याच्याकडे बघितलं, तर तो इंजिनाकडे नाही, दाराकडे बघत होता. बाहेर कोळंबीच्या शेडमधली ती बाई उठून नळावर हात धूत होती.

शेठ म्हणाला, "चालतंय ना? मग झालं." लाल बोट समुद्रात जाऊ लागली. रोज दुपारी लाटभिंतीमागून तो चुकलेला ठोका यायचा, आणि रोज ती उठायची, तिसऱ्या खांबापाशी उभी राहायची. लाल बोट पलीकडे लागायची. ही रिकाम्या पाण्याकडे थोडा वेळ बघायची आणि परत येऊन कोळंबी सोलायची. त्या पाच मिनिटांत लिलाववालासुद्धा भाव हळू ओरडायचा. लिलाववाला, ज्याने स्वतःच्या बारशालाही बोली लावली असती!

फिटर वाळत गेला. इंजिन अख्खं नवं करूनही ठोका जात नाही, म्हणजे तो ठोका इंजिनात नाही, असं त्याने मनात घेतलं. "तांडेल मला रोज आठवण करून देतोय," मला म्हणाला. "म्हणतो, उद्या म्हणालास ना, मग कर."

वर्ष झालं आणि त्याला सापडलं. डिझेल फवारणाऱ्या नोझलखाली तांब्याचा वॉशर असतो, नखाएवढा. सगळं नवं घालताना तिसऱ्या सिलिंडरचा तेवढा एक त्याने जुनाच बसवला होता. नवा उद्या येणार होता म्हणून! जुन्या वॉशरला केसाएवढी चीर होती. एका रविवारी बोट धक्क्याला होती तेव्हा त्याने नवा बसवला आणि जुना काडेपेटीत घालून खिशात ठेवला. इंजिन लोण्यासारखं चालू लागलं. फिटर त्या रात्री म्हणे घोरला.

सोमवारी लाल बोट आली ती कोणाला कळलीच नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी तांडेलाची बायको फिटरच्या शेडमध्ये आली. हात कोळंबीने भरलेले, तसेच.

"भावजी, आवाज कुठे गेला?"

"दुरुस्त केला, वहिनी."

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

फिटर नटबोल्टांचा डबा चाचपू लागला. "त्यानेच सांगितलं होतं. आदल्या संध्याकाळी. मी उद्या म्हणालो."

"ठाऊक आहे मला. घरी येऊन हसत होता. म्हणाला, बरं झालं उद्या म्हणाला. ठोका गेला तर तुला कसं कळणार मी आलो ते?"

"खरं सांगताय, वहिनी?"

"खोटं सांगून मला तुमच्याकडून काय मिळणार आहे, बिस्किटं?" ती म्हणाली. मग आवाज खाली आला. "तो गेला ते मला कळतं हो. मी वेडी नाही. पण तो आवाज यायचा तेवढा वेळ मला कुठेतरी जायचं असायचं. होता तसा करून द्या."

आजवर पुष्कळांनी त्याला दुरुस्त कर म्हटलं होतं, बिघडव कोणी म्हटलं नव्हतं. त्याने खिशावरून काडेपेटी चाचपली.

"उद्या," तो म्हणाला. "उद्या नक्की. बोट आली की लगेच."

गुरुवारी दुपारी तो पाने घेऊन धक्क्यावर तासभर आधीच उभा. लाल बोट लागली की उडी मारायची, जुना वॉशर बसवायचा, शेठला काहीबाही सांगायचं. मी लिलावाच्या कचेरीतून उठून त्याच्या शेजारी जाऊन थांबलो. वारा पडलेला. लाटभिंतीमागून आवाज आला.

टक, टक, टक. आणि रिकामी जागा.

फिटरने काडेपेटी काढली. उघडली. वॉशर आतच होता, चिरेसकट. त्याने तो मला दाखवला, जणू मी साक्षीदार.

आमच्या मागून ती आली. हात धुतलेले, केस सारखे केलेले. तिसऱ्या खांबाकडे जाता जाता थांबली आणि वर्षभरात पहिल्यांदा हसली. "भावजी, तुमचा उद्या एकदाचा खरा झाला म्हणायचा."

फिटरने तोंड उघडलं. मग काडेपेटीच बंद केली.

जाणकार म्हणतील, नवा वॉशरही चिरतो. चिरत असेल. मीसुद्धा तेच म्हणालो. त्यानंतर आठवडाभर त्याच्या मागे लागलो, "अरे, एकदा उघडून बघ तरी. चीर असली तर तुझ्याच जिवाला शांती."

त्याने टेस्टर कानामागून काढला, बाकड्यावर ठेवला, आणि लाटभिंतीकडे बघत तो शब्द उच्चारला, जो आमच्या बंदरात त्याच्या तोंडून कोणी कधी ऐकला नव्हता.

"नाही."