एलिकुट्टी पहिल्या पंगतीला बसते

आमच्या इस्पितळातल्या एलिकुट्टी सिस्टरने वीस वर्षांत दीडशेच्या वर मुली नर्स करून सोडल्या, पण स्वतःचा डबा वेळेवर उघडला असेल तर शपथ! कुणाला शीर सापडत नाही, कुणाला वहीवर सही हवी, की ही निघालीच. मला तर तिचा रागच यायचा. गेल्या महिन्यात उपाशीपोटी चक्कर येऊन ती वॉर्डातच पडली. मेट्रन तंगमणींनी ठणकावलं, "पुन्हा असं झालं तर तुझ्या शिकाऊ मुली दुसऱ्या सिस्टरकडे देईन." एलिकुट्टी ढसाढसा रडली. दुसऱ्या दिवशी डबा तसाच घरी परत!

मग ओणम आला, आणि इस्पितळातली सणाची पंगत. एलिकुट्टी दरवर्षी वाढायला उभी राहते आणि शेवटी खरवडलेल्या पातेल्यावर भागवते. यंदा मुलींनी कट केला. तिला पहिल्याच पंगतीत बसवलं, तेही औषधं देणाऱ्या कुरियनचेट्टनशेजारी. आमच्याकडे शेजारचा जेवत असताना केळीचं पान मिटून उठत नाहीत, आणि कुरियनचेट्टनचं जेवण म्हणजे तासाभराचं काम.

"हा कुणाचा उद्योग?" तिने मला विचारलं.

"मला काय माहीत?" मी साळसूदपणे म्हटलं.

सांबार-भात चालला होता, इतक्यात ड्यूटीवरची शिकाऊ शाहिना धावत आली. "सिस्टर, सात नंबरच्या आजोबांना सलाईन लावायचंय. शीरच दिसत नाही!"

एलिकुट्टी अर्धी उठली. समोरून मेट्रन बघत होत्या. माझा जीव टांगणीला लागला.

"अगं पोरी, माझी पायसमची खीर यायचीय अजून," कुरियनचेट्टन म्हणाला. "मला पानावर एकटं टाकून चाललीस?"

ती खाली बसली. "शाहिना, हातावर गरम फडका ठेव. बोटांनी चाचपून बघ, घाई करू नकोस. दोनदा नाही जमलं तर ड्यूटीवरच्या सिस्टरना हाक मार. मी जेवतेय."

जेवते कसली, भात नुसता चिवडत होती. दहा मिनिटांनी शाहिना आली ती ओरडतच, "लागलं! पहिल्याच टोचणीत!"

अख्ख्या पंगतीने टाळ्या पिटल्या. एलिकुट्टीचे डोळे भरून आले.

"म्हणजे इतकी वर्षं मी उगाचच उपाशी राहिले की गं!" ती हसत म्हणाली. "वाढ पायसम. आणखी वाढ, लाजतेस काय!"

"एलिकुट्टी, पुढच्या तुकडीला आधी हेच शिकव," मेट्रन म्हणाल्या.

"काय, शीर शोधायला?" मी विचारलं.

"नाही. जेवायला."

एलिकुट्टीचं तोंड भरलेलं होतं. तिने नुसती मान हलवली.