नळीत राहिलेली गोळी

कवठे येमाईचे हौसराव सतरा वर्षं फौजेत होते. तिथून आल्यावर चौदा वर्षं ते सणसवाडीच्या एका कंपनीच्या गेटावर पहारा देत, स्वतःची परवान्याची रायफल घेऊन. नव्या गार्डला पहिला धडा तेच द्यायचे: बंदूक रिकामी आहे असं सख्ख्या बापानं सांगितलं, तरी मागचा बोल्ट उघडून नळीत बघायचं.

त्या सोमवारी त्यांची सुट्टी होती. गालाला लागून लागून, घामानं रायफलीच्या लाकडी दस्त्याचं वॉर्निश पोपडे धरून निघालं होतं. हौसरावांनी ओट्यावर गोणपाट अंथरलं, काचपेपर आणि जवसाच्या तेलाची वाटी घेतली आणि रायफल मांडीवर आडवी ठेवून दस्ता घासायला बसले. बोल्ट उघडला नाही. रविवारी गोळ्यांचं मॅगझिन त्यांनी स्वतःच्या हातानं काढलं होतं. स्वतःवर काय संशय घ्यायचा?

तासाभरात जुनं वॉर्निश पिठासारखं गळालं. खालचं लाकूड तांबूस दिसायला लागलं. नळीचं तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडं होतं आणि आत नकुशीबाई भाकरी थापत होत्या. मग दस्ता सुटा करायचा म्हणून हौसरावांनी बोल्ट मागं ओढला. पिवळी धमक गोळी टणकन उडून गोणपाटावर पडली.

आधी त्यांना ती ओळखूच येईना. दुसऱ्या कुणाची वस्तू आपल्या घरात सापडावी, तसे ते बघत राहिले. मग आठवलं. रविवारी पहाटे कंपनीतल्या तांब्याच्या तारा चोरायला माणसं भिंतीवर चढली, तेव्हा धाकापुरती त्यांनी नळीत गोळी चढवली होती. चोर पळाले. गडबडीत मॅगझिन काढलं, नळीतली तशीच राहिली. तीच रायफल पाठीला अडकवून ते मोटारसायकलवर शिरूरच्या भर बाजारातून घरी आले होते.

नकुशीबाई बाहेर आल्या आणि गोळी बघून उंबऱ्यातच बसल्या.

"अवो, सकाळी मीच पुसली की ही बंदूक," त्या हळू म्हणाल्या. "नळीच्या तोंडावर बोट फिरवून."

तव्यावरची भाकरी करपली, तरी दोघं जागचे हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या गार्डांपुढं घडलं ते सांगितलं आणि हत्याराची ड्युटी सोडतो म्हणाले. भारत नावाच्या जोडीदारानं बाजूला घेऊन समजावलं, की गेटाबाहेर कुणाला कळलं नाही, कुणाला लागलं नाही, तर बोभाटा कशाला.

"मला कळलंय न्हवं," हौसराव म्हणाले.

आता ते गेटावर गाड्यांचे नंबर लिहून घेतात. दस्ता आठ दिवस तसाच अर्धा घासलेला पडला होता. शेवटी नकुशीबाईंनीच तेलाची वाटी पुढ्यात आणून ठेवली. तीन हात तेल बसलं, लाकूड झळाळून आलं. मग रायफल विकायला काढली. बघायला आलेला माणूस दस्त्यावरून हात फिरवून वाहवा करत होता, आणि हौसराव त्याला आधी बोल्ट उघडून बघायला सांगत होते.